व्हिडिओ गेममध्ये अग्रक्रम कशाला? गेमप्ले व ग्राफिक्स यांचा गडचिरोली-चंद्रपूरच्या संदर्भात विचार

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या व्हिडिओ गेम या माध्यमाने अवघ्या पाच दशकांत मनोरंजनाच्या क्षेत्रात चित्रपट व संगीत यांच्या बरोबरीचे स्थान मिळविले आहे. १९७२ मध्ये अटारी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘पाँग’ या खेळात पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि एक चौकोनी ठिपका एवढेच दिसत असे. आजच्या खर्चिक खेळांत पात्राच्या कपाळावरील घाम, पाण्यावर हलणारे प्रकाशाचे कवडसे आणि वाऱ्याने डोलणारे गवताचे प्रत्येक पाते दिसते. चित्रणाच्या दृष्टीने ही प्रगती थक्क करणारी आहे, यात शंका नाही. तथापि खेळ म्हणून ही प्रगती तेवढीच मोठी आहे काय, असा प्रश्न खेळाडू, समीक्षक व निर्माते अनेक वर्षांपासून विचारीत आले आहेत. खेळाची रचना म्हणजे गेमप्ले महत्त्वाचा की त्याचे दृश्यरूप म्हणजे ग्राफिक्स, असे या वादाचे स्वरूप आहे.

हा वाद वरवर पाहता महानगरातील हौशी खेळाडूंच्या आवडीनिवडीचा वाटतो. परंतु गडचिरोली व चंद्रपूर या वनव्याप्त जिल्ह्यांतून पाहिल्यास त्याचे स्वरूप बदलते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ असून तीन-चतुर्थांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. विरळ वस्ती, नद्या-नाले आणि घनदाट अरण्य यांमुळे येथे रस्ता, वीज व मोबाईलचे मनोरे उशिरा पोहोचले. अशा प्रदेशातील तरुणाच्या हाती असलेल्या साध्या मोबाईलवर कोणता खेळ चालतो, आणि उद्या तो स्वतः कोणता खेळ तयार करू शकतो, हे दोन्ही प्रश्न गेमप्ले व ग्राफिक्स यांच्या अग्रक्रमाशी थेट जोडलेले आहेत.

उद्दिष्टे :

१) गेमप्ले व ग्राफिक्स या संकल्पनांचा अर्थ व परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) तांत्रिक मर्यादांचा खेळाच्या रचनेवर झालेला परिणाम ऐतिहासिक उदाहरणांतून पाहणे.
३) ग्राफिक्सच्या वाढत्या खर्चाचे परिणाम तपासणे.
४) महाराष्ट्रातील खेळनिर्मितीच्या उदाहरणांतून आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या परिस्थितीतून अग्रक्रमाचा निकष शोधणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

गेमप्ले म्हणजे खेळातील नियम, उद्दिष्ट, अडथळे, खेळाडूला उपलब्ध असलेले पर्याय आणि त्याच्या प्रत्येक कृतीला मिळणारा प्रतिसाद यांची एकत्रित रचना होय. ग्राफिक्स म्हणजे ही रचना डोळ्यांपुढे मांडणारे चित्र, रंग, प्रकाश व हालचाल होय. या दोहोंतील भेद समजून घेण्यासाठी संगणकाकडे जाण्याचीही गरज नाही. ग्रामीण भागात ओळखीचा असलेला वाघ-बकरी हा पटावरील खेळ त्यासाठी पुरेसा आहे. कोळशाने किंवा खडूने जमिनीवर रेघा आखल्या, चार मोठे खडे वाघ म्हणून व लहान खडे बकऱ्या म्हणून घेतले की खेळ सुरू होतो. वाघांनी बकऱ्यांवरून उडी मारून त्या टिपावयाच्या आणि बकऱ्यांनी एकजुटीने वाघांची कोंडी करावयाची. वाघांची संख्या व पटाची आखणी प्रदेशानुसार बदलते, परंतु दोन असमान पक्षांमधील ही झुंज कायम राहते. एका पक्षाकडे बळ आहे, दुसऱ्याकडे संख्या. हीच या खेळाची गोडी आहे.

हाच पट सागवानी लाकडावर कोरला आणि सोंगट्या पितळेच्या केल्या तर खेळ अधिक देखणा होईल, पण अधिक चांगला होणार नाही. उलटपक्षी बकऱ्यांची संख्या निम्मी केली तर पट सोन्याचा असला तरी डाव रंगणार नाही. नियम बदलला की खेळ बदलतो. रूप बदलले तर खेळ तोच राहतो. मात्र एक गोष्ट रूपावरही अवलंबून असते. वाघाचा खडा आणि बकरीचा खडा सारखाच दिसू लागला तर खेळणेच अशक्य होईल. म्हणजेच रूपाचे पहिले काम सजावट नसून ओळख पटविणे हे आहे. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

मर्यादांतून घडलेली खेळरचना :

व्हिडिओ गेमच्या इतिहासातील अनेक टिकाऊ कल्पना यंत्राच्या दुबळेपणातून जन्मल्या आहेत. १९७८ मध्ये जपानमधील तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. पडद्यावरील सर्व शत्रू एकाच वेळी हलविताना त्या काळातील प्रक्रियक मंदावत असे; शत्रू मारले गेले की त्याच्यावरील भार हलका होऊन उरलेले शत्रू वेगाने सरकत. हा दोष दूर न करता निशिकादो यांनी तसाच ठेवला. परिणामी जसजसा विजय जवळ येतो तसतशी कसोटी कठीण होत जाते, हे तत्त्व खेळाला आपोआप मिळाले.

१९८४ मध्ये मॉस्को येथे अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला, तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रे उमटवण्याची सोयच नव्हती. त्यांनी कंसाच्या चिन्हांनी चौकोन दाखवले. वरून पडणारे तुकडे फिरवून ओळ पूर्ण करणे, एवढ्या एका नियमावर उभा असलेला हा खेळ चार दशकांनंतरही खेळला जातो. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये सामावलेला होता. आजच्या मोबाईलने काढलेल्या एका छायाचित्राचा आकार याच्या कितीतरी पट असतो. जागा वाचविण्यासाठी त्यात आकाशातील ढग व जमिनीवरील झुडूप यांसाठी एकच आकृती वापरून केवळ रंग बदलला होता. पुढे भारतात दूरचित्रवाणी संचाला जोडून चालणाऱ्या कॅसेटच्या खेळांमुळे हाच मारिओ १९९० च्या दशकात लहान शहरांतील घराघरांत पोहोचला.

१९८९ मध्ये जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळात असाच प्रसंग आला. राजपुत्राची हालचाल खरी वाटावी म्हणून त्यांनी आपल्या भावाचे धावणे व उड्या मारणे चित्रित करून त्यावरून रेखाटने केली. या सुबक हालचालींनी संगणकाची बहुतेक स्मृती व्यापली आणि शत्रूचे नवे पात्र काढण्यास जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच आकृतीवर गणिती प्रक्रिया करून तिची झगमगती छाया तयार करण्यात आली आणि ही छाया नायकाची प्रतिस्पर्धी बनली. खेळातील सर्वांत संस्मरणीय पात्र अशा रीतीने जागेच्या टंचाईतून निर्माण झाले.

हेच सूत्र यंत्रनिर्मितीतही दिसते. १९८९ मध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र आणले. त्याच्या पडद्यावर केवळ चार छटा होत्या. त्याच सुमारास अटारीचे ‘लिंक्स’ व पुढे सेगाचे ‘गेम गियर’ ही रंगीत पडद्याची यंत्रे बाजारात आली. गेम बॉयचे निर्माते गुनपेई योकोई यांचे धोरण जुन्या, स्वस्त व खात्रीच्या तंत्रज्ञानाचा नव्या कल्पनेने उपयोग करण्याचे होते. त्यामुळे गेम बॉय स्वस्त राहिला आणि चार लहान बॅटऱ्यांवर कितीतरी तास चालत असे. गेम गियरला सहा बॅटऱ्या लागत व त्या काही तासांतच संपत. गेम बॉय व त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली, तर गेम गियरची विक्री सुमारे एक कोटीवर थांबली. भारतीय वाचकास याचे जवळचे उदाहरण म्हणजे नोकियाच्या मोबाईलवरील सापाचा खेळ होय. १९९७ मध्ये प्रथम आलेला हा खेळ २००३ नंतर ‘नोकिया ११००’ या स्वस्त मोबाईलसोबत खेड्यापाड्यांत पोहोचला. काळ्या ठिपक्यांच्या त्या सापाने एका पिढीला मोबाईलवर खेळावयास शिकविले.

ग्राफिक्सचा वाढता खर्च :

ग्राफिक्स सुधारण्याचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. लांबी व रुंदी दुप्पट केली की बिंदूंची संख्या चौपट म्हणजे सुमारे ८३ लाख होते. यंत्राला चौपट बिंदू रंगवावे लागतात. परंतु हाताएवढ्या पडद्यावर पाहणाऱ्यास चित्र चौपट चांगले भासत नाही. खर्च वाढत जातो आणि प्रत्येक वाढीतून मिळणारा लाभ कमी होत जातो.

निर्मितीच्या बाबतीतही तेच घडते. गवताचे पाते खरे दिसावयाचे असेल तर ते कोणीतरी घडवावे लागते. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या निमित्ताने सोनी कंपनीची काही कागदपत्रे उघड झाली. त्यानुसार ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या २०२० च्या खेळाच्या निर्मितीस सुमारे २२ कोटी डॉलर, तर ‘होरायझन फॉर्बिडन वेस्ट’ या २०२२ च्या खेळास सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर खर्च आला. इतकी रक्कम गुंतवणारा निर्माता नव्या नियमाचा प्रयोग करण्यास कचरतो आणि यशस्वी ठरलेल्या जुन्या साच्याकडेच वळतो. २०१५ मध्ये आलेल्या ‘द ऑर्डर : १८८६’ या खेळाच्या चित्रणाची सर्वत्र प्रशंसा झाली; मात्र त्यात खेळाडूला करण्यासारखे फार थोडे आहे, अशी टीकाही तितकीच झाली.

याउलट एरिक बरोन या एकाच व्यक्तीने रचलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’ या २०१६ च्या खेळात चौकोनी ठिपक्यांनी बनलेली साधी चित्रे आहेत. शेत नांगरणे, पेरणी करणे, ऋतूनुसार पीक निवडणे आणि गावातील लोकांशी संबंध जोडणे हा त्याचा विषय. २०२४ च्या अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. साधे चित्रण खेळाच्या प्रसाराआड येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील तीन उदाहरणे :

या वादाच्या तिन्ही बाजू दाखविणारी उदाहरणे महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. पहिले उदाहरण नवी मुंबईतील गेमशन या कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या ‘ल्युडो किंग’ या खेळाचे. यातील चित्रण अत्यंत साधे आहे. नियम सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहेत. एकाच मोबाईलवर आळीपाळीने खेळण्याची व इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय हे त्याचे खरे बळ ठरले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेल्या कुटुंबांनी हा खेळ मोठ्या प्रमाणावर खेळला आणि दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतला गेलेला भारतीय खेळ म्हणून तो प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेच्या ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ या खेळाचे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला, तरीही चिकाटीने काम करून २०२० मध्ये त्यांनी खेळ प्रकाशित केला. आपल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा भारतीय पुराणकल्पना, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांच्या खेळाच्या आधारे मांडली आहे. त्याच्या दृश्यरूपाचे जगभर कौतुक झाले आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. मात्र लढाईच्या भागात सफाई कमी आहे आणि खेळ लवकर संपतो, असे अनेक समीक्षकांनी नोंदविले. येथे ग्राफिक्सने खेळाला ओळख दिली; गेमप्लेची उणीव मात्र त्याला भरून काढता आली नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ मधील गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती तयार करण्याचे काम पुणे व मुंबई येथील आपल्या शाखांकडे सोपविले. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची पहिली झलक दाखविण्यात आली. काळ मागे फिरविण्याची मूळ खेळातील नामी युक्ती तीच होती. परंतु चर्चा झाली ती जवळजवळ केवळ चित्रणाची. पात्रांचे चेहरे जुनाट दिसतात, अशी टीका जगभरातून झाली. प्रकाशनाची तारीख वारंवार पुढे ढकलण्यात आली आणि २०२२ मध्ये हे काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे वर्ग करण्यात आले. चित्राच्या निकषावर लावलेल्या शर्यतीत उतरणाऱ्यास चित्राच्याच निकषावर जोखले जाते, हे यातून दिसून येते.

भारतातील अनेक स्टुडिओंनी दीर्घकाळ परदेशी खेळांसाठी चित्रे, वस्तू व पार्श्वभूमी तयार करून देण्याचे काम केले आहे. त्यातून कुशल चित्रकार घडले, रोजगारही मिळाला. परंतु खेळाचे नियम काय असावेत, याचा निर्णय बहुधा अन्यत्र झाला. ग्राफिक्सला सर्वस्व मानणाऱ्या उद्योगात भारतीय तरुणाच्या वाट्याला रंगकाम येते आणि रचनेचा अधिकार दुसऱ्याकडे राहतो, असा याचा अर्थ होतो.

गडचिरोली-चंद्रपूरचा संदर्भ :

वरील चर्चा वनव्याप्त जिल्ह्यांतील प्रत्यक्ष परिस्थितीशी ताडून पाहिली असता चार बाबी समोर येतात.

पहिली बाब साठवणुकीची व इंटरनेटची. मोठ्या खेळांचा आकार आता सहज १०० गीगाबाइटपर्यंत जातो. दररोज दोन गीगाबाइट वापरण्याची मुभा असलेल्या ग्राहकाने अन्य काहीही न पाहता असा एक खेळ उतरवावयाचे ठरविले तर ५० दिवस लागतील. भामरागड किंवा एटापल्लीच्या दुर्गम गावांत, जेथे मोबाईलचा संकेत मिळविण्यासाठी उंचवटा शोधावा लागतो, तेथे हा हिशेबही निरर्थक ठरतो.

दुसरी बाब उष्णतेची. मोबाईलचा प्रक्रियक जड चित्रण करताना तापतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. चंद्रपूर व परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत मोबाईलमधील उष्णता बाहेर टाकणे अवघड होते. खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवीत असेल तर दोन चित्रांत सुमारे १७ सहस्रांश सेकंदाचे अंतर असते. वेग २० चित्रांवर घसरला की हे अंतर ५० सहस्रांशावर जाते. बोट हलविले आणि पात्र उशिरा हलले, असा अनुभव खेळाडूस येतो. येथे भारी ग्राफिक्स थेट गेमप्ले बिघडविते. ज्या तापमानात खेळाची कल्पना केली गेली ते तापमान येथील नाही.

तिसरी बाब रचनेची. हलके ग्राफिक्स दिले म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असे नव्हे. संकेत क्षीण असेल तर क्षणाक्षणाला इंटरनेटवर अवलंबून असणारा खेळ साध्या चित्रांचा असूनही अडखळतो. आळीपाळीने खेळावयाच्या डावात मात्र दोन-तीन सेकंदांचा उशीर खपून जातो. इंटरनेटशिवाय चालणे, अर्धवट सोडलेला डाव पुढे सुरू करता येणे, एका मोबाईलवर अनेकांना खेळता येणे हे सर्व खेळरचनेचे निर्णय आहेत. गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ हा २०१७ चा खेळ स्वस्त मोबाईलवरही चालावा अशा बेताने रचलेला होता. शंभराऐवजी पन्नास खेळाडू आणि सुमारे दहा मिनिटांचा डाव ही त्याची वैशिष्ट्ये होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घालण्यापूर्वी तो देशात अत्यंत लोकप्रिय झाला होता, यामागे हीच रचना होती.

चौथी बाब भाषेची. या जिल्ह्यांत मराठी व झाडीबोलीसोबत गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली बोलल्या जातात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ३० लाख आहे. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये व गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे या लिप्यांतील मजकूर पडद्यावर दाखविण्याचा तांत्रिक पाया तयार झाला आहे. खेळनिर्मितीस कोट्यवधी डॉलर लागणार असतील तर तीस लाखांच्या भाषेसाठी कोणीही खेळ काढणार नाही. निर्मितीचा खर्च एका महाविद्यालयीन गटाच्या आवाक्यात आला, तरच गोंडी किंवा झाडीबोलीतील खेळ संभवतो. २०१४ पासून मुक्त-स्रोत असलेल्या ‘गोडो’ या खेळनिर्मितीच्या प्रणालीला परवाना शुल्क लागत नाही आणि साधा खेळ रचण्यासाठी साधा संगणकही पुरतो.

ग्राफिक्सच्या बाजूने :

या विवेचनाचा अर्थ ग्राफिक्स निरुपयोगी आहे, असा घेणे अन्यायाचे ठरेल. दृश्यरूपाचे मोल तीन प्रकारे मान्य करावे लागते. एक, स्पष्ट चित्रण नसेल तर खेळाडूला नियमच कळत नाहीत. दोन, काही खेळांत पाहणे हाच अनुभवाचा भाग असतो. ‘राजी’मधील किल्ले व मंदिरे वगळली तर तिची कथा उभी राहणार नाही. तीन, उत्तम गेमप्ले असला की यश हमखास मिळते, असेही नाही. २०२४ मधील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ या खेळाने बाजूने दिसणाऱ्या साध्या मांडणीचा स्वीकार केला. समीक्षकांनी त्याच्या खेळरचनेची वाखाणणी केली, तरी अपेक्षेएवढी विक्री न झाल्याने त्याच वर्षी त्याच्या निर्मात्यांचा गट विसर्जित करण्यात आला.

या संदर्भात झाडीपट्टी रंगभूमीचा दाखला उपयुक्त ठरतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे केंद्र असलेल्या या रंगभूमीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. रंगविलेले पडदे, दिवे, वाद्यवृंद यांना येथे निश्चित स्थान आहे. राजवाड्याचा पडदा पडला की प्रसंग राजवाड्यात आहे हे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही कळते. परंतु थंडीच्या रात्री घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत जागतो तो नटासाठी आणि कथेसाठी; पडदा कितीही सुंदर असला तरी त्यासाठी कोणी रात्रभर बसत नाही. पडदा प्रसंग समजावतो, प्रसंगाची जागा घेत नाही. व्हिडिओ गेममध्येही ग्राफिक्सचे योग्य स्थान हेच होय.

अग्रक्रमाचा निकष :

उपरोक्त विवेचनातून एक व्यावहारिक निकष हाती येतो. खेळातील प्रत्येक दृश्य-सुधारणेला दोन प्रश्न विचारावेत. या सुधारणेमुळे खेळाडूस डाव अधिक चांगला समजतो किंवा अनुभवता येतो काय? आणि या सुधारणेमुळे कोणाच्या हातातील यंत्र खेळास अपात्र ठरते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर ती सुधारणा खेळाचाच भाग आहे. ते नकारार्थी असून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुसंख्य खेळाडू येत असतील, तर ती सुधारणा काही थोड्यांच्या डोळ्यांना सुखावण्यासाठी अनेकांना खेळाबाहेर ठेवते. वाघ-बकरीच्या पटावर जागा मिळविण्यासाठी कोणाला सागवान विकत घ्यावे लागत नाही. हा खेळ पिढ्यानपिढ्या टिकण्यामागे हेही एक कारण आहे.

हा निकष शिक्षणालाही लागू पडतो. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक, शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृश्य-परिणाम व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या संधींचा लाभ २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील विद्यार्थ्यांना मिळावयाचा असेल, तर केवळ महागड्या संगणकांवरील चित्रणाचे प्रशिक्षण पुरेसे नाही. नियम रचणे, कागदावर खेळ मांडून तपासणे, स्थानिक पटखेळांचे व लोककथांचे संकलन करून त्यांतून नव्या खेळाची कल्पना काढणे, ही कामे वही, पेन्सिल व साधा संगणक यांवर सुरू करता येतात. रचनेचे कौशल्य भांडवलावर तितकेसे अवलंबून नाही. म्हणूनच ते या प्रदेशासाठी अधिक मोलाचे आहे.

निष्कर्ष :

१) गेमप्ले हा खेळाचा गाभा असून ग्राफिक्सचे प्राथमिक कार्य तो गाभा खेळाडूपर्यंत स्पष्टपणे पोहोचविणे हे आहे.
२) यंत्राच्या मर्यादांनी खेळरचनेला अनेकदा नवी दिशा दिली आहे, मर्यादा म्हणजे दर्जाचा अभाव नव्हे.
३) ग्राफिक्सवरील खर्च ठरावीक टप्प्यानंतर लाभाच्या तुलनेत फार वेगाने वाढतो आणि त्यामुळे निर्मात्याची प्रयोगशीलता कमी होते.
४) दुर्गम प्रदेशात साठवणूक, इंटरनेट व तापमान यांमुळे भारी ग्राफिक्स गेमप्लेलाच बाधा आणते.
५) केवळ उत्तम गेमप्लेने व्यावसायिक यशाची हमी मिळत नाही; तथापि अल्प भांडवलात दर्जेदार निर्मिती करण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.
६) गोंडी, माडिया, झाडीबोली यांसारख्या भाषांतील खेळांची शक्यता खेळरचनेला अग्रक्रम देण्यावरच अवलंबून आहे.

समारोप :

व्हिडिओ गेम पाहण्यासाठी नसून खेळण्यासाठी असतो, हे विधान साधे असले तरी उद्योगाच्या झगमगाटात ते वारंवार विसरले जाते. गडचिरोलीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या विस्मरणाची किंमत मोठी आहे. कारण त्यामुळे तो खेळणारा म्हणूनही मागे पडतो आणि घडविणारा म्हणूनही. खेळरचनेला अग्रक्रम मिळाला तर ज्या अरण्यात वाघ आजही वावरतो, तेथील तरुण वाघ-बकरीचा डाव आपल्या भाषेत, आपल्या हातातील साध्या मोबाईलवर मांडू शकेल, आणि तो डाव रंगला की नाही हे त्याच्या चित्रांवरून नव्हे तर खेळणाऱ्यांच्या तल्लीनतेवरून ठरेल.